टिकी बारमध्ये पहिल्यांदा जाताना: काय पाहावं, काय मागवावं, घरी काय करावं

कॅलिफोर्नियात नव्याने आलेल्या मराठी मंडळींना ऑफिसातले सहकारी कधी ना कधी टिकी बारला घेऊन जातातच. आत अंधार, भिंतींना बांबू, कोपऱ्यात डोळे वटारलेली लाकडी मूर्ती, समोर तशाच मूर्तीच्या आकाराच्या मगात काहीतरी गार पेय आणि त्यावर पुदिन्याची जुडी. मेन्यूवर नावांची रांग, त्यातलं एकही ओळखीचं नाही. बहुतेक जण 'तू घेशील तेच मला' म्हणून मोकळे होतात, आणि दोन तासांनी उठताना पाय का लटपटतात ते त्यांना कळत नाही.

मी सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहते आणि या प्रकारावर माझं मनापासून प्रेम आहे. नवख्या माणसाला जे आधीच कोणीतरी सांगायला हवं, ते इथे क्रमाने लिहिते. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच: टिकी ही पॅसिफिक बेटांवरच्या लोकांची संस्कृती नाही. ती अमेरिकेने त्या बेटांविषयी रंगवलेली कल्पना आहे. तिच्यात रम कॅरिबियनची, मिसळणारे हात बरेचदा फिलिपिनो, जेवण चीनमधल्या कँटनच्या वळणाचं आणि मूर्ती पॉलिनेशियाच्या. हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं नीट उलगडतं.

जाण्याआधी जवळ काय हवं

- फोटो असलेलं ओळखपत्र. अमेरिकेत वयाची अट २१ आहे आणि केस पिकलेल्यांनाही दारात विचारतात. इथलं लायसन्स नसेल तर पासपोर्टच न्या. आधार कार्डावर काम होईल या भरवशावर राहू नका.
- परतीची सोय. गाडी घेऊन जाणाऱ्याने पिऊ नये, हे या पेयांच्या बाबतीत दुप्पट खरं आहे.
- पोटात थोडं जेवण.
- बदामाची अॅलर्जी असेल तर तसं आधी सांगायची तयारी. कारण खाली येईलच.

१. एवढा इतिहास डोक्यात ठेवा

अर्नेस्ट रेमंड ब्यूमाँट गँट हा तरुण बेटाबेटांवर भटकून लॉस एंजेलिसला आला. १९३३ च्या डिसेंबरात अमेरिकेतली दारूबंदी उठली आणि त्याच सुमारास त्याने हॉलिवूडमध्ये एक लहानसा बार थाटला. सजावट काय, तर किनाऱ्याला लागलेले ओंडके, मासेमारीची जाळी, जहाजांचे मोडके भाग. पुढे त्याने स्वतःचं नावच बदलून डॉन बीच करून घेतलं आणि बारचं नाव झालं 'डॉन द बीचकोंबर'. त्या वेळी चांगली व्हिस्की मिळणं कठीण होतं, रम मात्र स्वस्त आणि मुबलक होती. डॉनने कॅरिबियनमधलं पंचचं जुनं सूत्र उचललं: आंबट एक भाग, गोड दोन, कडक तीन, पाणी किंवा बर्फ चार. पंच आपल्याला परका नाही. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्रज मंडळी याच पेयासाठी गोव्याची ताडीपासून काढलेली अरक मुद्दाम मागवत. डॉनने त्यात स्वतःची एक भर घातली. एकाच ग्लासात दोन-तीन ठिकाणच्या रम एकत्र केल्या आणि साध्या साखरेऐवजी दालचिनी, लवंग, व्हॅनिला, ऑलस्पाइस यांचे पाक वापरले.

त्याच्या कृती चोरीला जाऊ नयेत म्हणून बाटल्यांवर नावांऐवजी संकेत असत. 'डॉन्स मिक्स' म्हणजे काय हे कित्येक वर्षं बाहेर कोणालाच माहीत नव्हतं. जेफ बेरी या अभ्यासकाने जुन्या बारटेंडरांच्या वह्या मिळवून, माणसांना भेटून ते कोडं सोडवलं: दोन भाग ग्रेपफ्रूटचा रस आणि एक भाग दालचिनीचा पाक. या वह्या जपणारे बारटेंडर बहुतांशी फिलिपिनो होते. नाव डॉनचं झालं, पण रोज रात्री ग्लास भरणारे हे लोक होते, आणि त्यांचा उल्लेख टाळून हा इतिहास सांगू नये असं मला ठामपणे वाटतं. त्यांच्यातल्याच रे बुएन यांनी १९६१ मध्ये लॉस एंजेलिसला 'टिकी-टी' नावाचा चिमुकला बार काढला. तो पुढे त्यांच्या मुलाने आणि नातवाने चालवला.

दुसरं नाव व्हिक्टर बर्जेरॉन. ओकलंडमध्ये १९३४ साली त्याचं 'हिंकी डिंक्स' हे साधं खाणावळवजा ठिकाण होतं. डॉनचा बार पाहून त्याने आपल्या जागेचा कायापालट केला आणि 'ट्रेडर व्हिक्स' जन्माला आलं. १९४४ मध्ये जमैकाची १७ वर्षं मुरलेली रम वापरून त्याने माई ताई बनवली. डॉनने त्यावर आपला हक्क सांगितला होता, पण आज जी कृती मूळ म्हणून मानतात ती व्हिकची.

पुढचं थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धातून पॅसिफिकच्या आठवणी घेऊन सैनिक परतले, १९५९ मध्ये हवाई अमेरिकेचं राज्य झालं, विमानप्रवास आवाक्यात आला, आणि देशभर गावोगावी असे बार उघडले. १९७० च्या दशकात तरुणांना हे सगळं आईबापांचं आणि खोटं वाटू लागलं. ताज्या लिंबाच्या जागी बाटलीतलं आंबटगोड पाणी आलं. ओहायोतल्या कोलंबसमधलं 'काहिकी' हे भव्य ठिकाण २००० साली पाडलं गेलं. पण १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून लोक जुन्या कृती आणि जुने मग शोधू लागले होते, आणि आज तुम्ही जिथे जाल तो बार बहुधा त्या पुनरुज्जीवनातलाच असेल.

२. ठिकाण विचारपूर्वक निवडा

'टिकी' पाटी लावलेलं सगळंच टिकी नसतं. प्लास्टिकचे पोपट आणि मशीनमधून ओतलेला गोड बर्फ विकणारी ठिकाणं समुद्रकिनारी पुष्कळ आहेत. मेन्यूत रमचे प्रकार देशांनुसार दिलेले आहेत का आणि लिंबाचा रस ताजा आहे का, एवढ्या दोन गोष्टींवरून चांगली जागा ओळखता येते.

सॅन फ्रान्सिस्कोत असाल तर फेअरमाँट हॉटेलच्या 'टोंगा रूम'पासून सुरुवात करा. १९२९ मध्ये तिथे पोहण्याचा तलाव होता. १९४५ मध्ये सिनेमाचे सेट उभारणाऱ्या माणसाकडून त्याचं खाऱ्या पाण्याच्या खाडीसारखं रूप करून घेतलं. तलाव अजून तसाच आहे. त्यात तरंगत्या होडीवर वाद्यवृंद वाजवतो आणि मधूनमधून गडगडाट होऊन पाण्यावर खराखुरा पाऊस पडतो. पेयांसाठी मी तिथे कोणाला पाठवणार नाही, पण पहिल्यांदा पाहणाऱ्याचे डोळे विस्फारतात. पेयांसाठी 'स्मगलर्स कोव्ह' गाठा. २००९ पासून असलेला हा बार बाहेरून पटकन ओळखू येत नाही. आत शेकडो रम आहेत.

फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलचं 'माय-काय' १९५६ चं. २०२० मध्ये छत कोसळून बंद पडलं होतं, २०२४ च्या नोव्हेंबरात पुन्हा उघडलं. त्या पिढीचं इतकं मोठं आणि इतकं शाबूत ठिकाण दुसरं नाही. संध्याकाळचा नृत्याचा कार्यक्रम धरूनच बेत आखा. दुबईतल्या वाचकांना ट्रेडर व्हिक्स तिथेच भेटेल. लंडनचं मात्र २०२२ अखेर बंद झालं, तेव्हा जुन्या याद्यांवर विसंबून तिकिटं काढू नका.

३. आत गेल्यावर लगेच बसू नका, आधी पाहा

चांगल्या टिकी बारला खिडक्या नसतात. असल्या तर झाकलेल्या. बाहेर दुपारचे चार वाजले असोत की रात्रीचे अकरा, आत कायम तिन्हीसांज. प्रवेशापाशी एखादा लहान पूल, वाहतं पाणी किंवा वळणाची बोळ असते, म्हणजे रस्ता मागे पडल्याची भावना तिथेच तयार होते. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा आणि वर पाहा. काचेचे हिरवे-निळे गोळे दिसतील: जपानी कोळी जाळी तरंगती ठेवण्यासाठी वापरत ते. काटेरी फुगा मासा वाळवून त्यात दिवा लावलेला असेल. छताला आडवी होडी, बाजूला लाकडी दांडा बांधलेली. भिंतीवर तपकिरी-काळ्या नक्षीचं जाडसर कापड दिसलं तर ते तापा: तुतीच्या जातीच्या झाडाची आतली साल ओली करून, कुटून, पसरून बनवतात.

आता मूर्ती. इथेच सगळ्यांची गल्लत होते, कारण डेकोरेटरांनी हजारो मैल अंतरावरचं एकाच भिंतीवर आणून ठेवलंय.

- लांब नाक, पुढे आलेली हनुवटी, कपाळ मागे झुकलेलं: रापा नुई म्हणजे ईस्टर बेटावरचे मोआई. ते बेट आज चिलीत आहे.
- उघडं तोंड, दातांच्या रांगा, डोक्यावर उंच शिरोभूषण, गुडघे वाकवून लढायला सज्ज: हवाईचा कू, युद्धाचा देव.
- मोठे गोल डोळे, रुंद पट्टीसारखं तोंड, हात पोटावर: मार्केसास बेटांची शैली.
- मान एका बाजूला कललेली लहान आकृती, बरेचदा हिरव्या दगडाची: न्यूझीलंडच्या माओरींची.
- लांबट मुखवटे, कवड्या आणि रंग: पापुआ न्यू गिनीच्या सेपिक नदीकाठचे. हे लोक पॉलिनेशियन नाहीतच.

बारचा काळ ओळखायचीही एक खूण आहे. १९३० च्या दशकातल्या जागांमध्ये बांबू, जाळी, ताडाच्या झावळ्यांचं छप्पर असायचं. कोरलेला टिकी, म्हणजे अशी मूर्ती, मध्यवर्ती चिन्ह म्हणून मगवर, मेन्यूवर, काड्यापेटीवर आला तो १९५० च्या दशकाच्या मध्यात. टोकदार उतरत्या छपरांची इमारत दिसली तर तीही त्याच काळातली. या मूर्ती आणि दिव्यांचा मोठा भाग कॅलिफोर्नियातल्या व्हिटियर गावच्या 'ओशॅनिक आर्ट्स' या दुकानातून जाई. लेरॉय श्माल्ट्झ आणि बॉब व्हॅन ऊस्टिंग यांनी १९५६ मध्ये सुरू केलेलं ते दुकान २०२१ मध्ये बंद झालं.

४. मागवताना

पहिलं पेय माई ताई असू द्या. तीत लपायला जागा नाही: रम, लिंबू, संत्र्याचं लिकर, बदामाचं सिरप, बस्स. ती चांगली असेल तर बाकीचा मेन्यू चांगला आहे. रंग मधासारखा यायला हवा. लालभडक आली, अननसाचा रस लागला, वर चेरी असली, तर ती दुसरीच गोष्ट आहे. अननस १९५३ नंतर हवाईतल्या हॉटेलांत पर्यटकांसाठी शिरला. वाईट लागतो असं नाही, पण मूळ पेयाची ओळख त्यातून होत नाही.

कडूगोड आवडत असेल तर जंगल बर्ड मागवा. तो सत्तरच्या दशकात क्वालालंपूरच्या हिल्टनमध्ये तयार झाला; त्यात कँपारी ही कडवट दारू असते आणि अननसाचा गोडवा ती छान कापते.

झॉम्बी पहिल्याच फेरीत घेऊ नका. हा सगळ्यात मोठा सापळा आहे. डॉनच्या जुन्या कृतीत एका ग्लासात १२० मिली रम असते: ४५ जमैकाची, ४५ पोर्तो रिकोची आणि ३० मिली गयानाची डेमेरारा रम, जिच्यात अल्कोहोल ७५.५ टक्के. आपल्याकडची रम ४२.८ टक्क्यांची, त्या हिशेबाने एका झॉम्बीत साडेचार लहान पेग बसतात. ग्रेपफ्रूट, दालचिनी आणि बर्फ यांच्याआड ते जिभेला कळतच नाही. डॉन स्वतः एका गिऱ्हाइकाला दोनच झॉम्बी देई. आजचे बारही अशीच मर्यादा घालतात. ती जाहिरातबाजी समजून बारटेंडरशी हुज्जत घालू नका.

लांब नळ्यांचा सामायिक वाडगा आला तर तो चौघांचा आहे, दोघांचा नाही. वर पेटलेली ज्योत असेल तर ती विझेपर्यंत केस आणि ओढणी दूर ठेवा. न पिणाऱ्यांनी संकोच करू नये. ताजं लिंबू, मसाल्याचे पाक, नारळ हे सगळं हाताशी असल्यामुळे बिनदारूची पेयंही इथे इतर बारांपेक्षा सरस मिळतात.

बदामाची अॅलर्जी असेल तर प्रत्येक फेरीला सांगा. माई ताईतलं ओर्झा हे सिरप बदामाचं असतं, आणि फॅलर्नम या लवंग-आलं-लिंबाच्या सिरपातही बरेचदा बदाम असतात.

५. शाकाहारींनी आधी विचारावं

'पूपू प्लॅटर' म्हणून जी तबकडी येते ती मधल्या शेगडीसह दिसते झकास, पण तिच्यावर बहुतेक सगळं मांसाहारी असतं. क्रॅब रंगून बाहेरून आपल्या करंजीसारखं दिसतं, आत चीज आणि खेकडा. रुमाकी म्हणजे बेकनमध्ये गुंडाळलेली कोंबडीची कलेजी. डॉन आणि व्हिक दोघांनीही चिनी-अमेरिकन स्वयंपाकाचाच आधार घेतला, म्हणून ऑयस्टर सॉस कुठेही असू शकतो. जेवून जाणं उत्तम.

६. घरी माई ताई करायची असेल तर

महाराष्ट्रात रमसारख्या मद्यासाठी वयाची अट २५ आहे आणि परवाना लागतो, गोव्यात २१. ते पाहूनच पुढे जा.

साधनं: झाकणाचा शेकर किंवा घट्ट झाकणाची स्टीलची बरणी, मिलीच्या खुणा असलेलं माप, स्वच्छ जाड कापड आणि लाटणं.

साहित्य: मुरलेली रम ६० मिली, संत्र्याचं लिकर (कुरासाओ) १५, बदामाचं सिरप १५, खडीसाखरेचा पाक साडेसात, लिंबाचा रस.

पाक खरोखर खडीसाखरेचाच करा. व्हिकच्या मूळ कृतीत तोच आहे. दोन भाग खडीसाखर, एक भाग पाणी, विरघळेपर्यंतच गरम करायचं. लिंबाचं प्रमाण मात्र अमेरिकेसारखं धरू नका. अमेरिकेतलं मोठं बिनबियांचं लिंबू एक अख्खं पिळलं की साधारण ३० मिली रस निघतो. आपलं कागदी लिंबू जास्त आंबट, म्हणून २० मिलीपासून सुरुवात करून चाखा.

बदामाचं सिरप विकतचं घेऊ नका, विशेषतः 'बदाम सरबत' म्हणून मिळणारं. त्यातली वेलची, केशर आणि रंग मिळून रमला गिळून टाकतात. २५० ग्रॅम बदाम रात्रभर भिजवून सोला, अर्धा लिटर पाण्यात भरड वाटा, दोन-तीन तास ठेवून मलमलीतून घट्ट पिळा. जितकं दूध निघेल तितकीच साखर मंद आचेवर विरघळवा. उकळी येऊ देऊ नका, तेल सुटतं. गार झाल्यावर नारिंगीच्या फुलांचं पाणी तीन-चार थेंब. ते नसेल तर गुलाबपाणी, आणखी कमी. फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवडा-दीड आठवड्यात संपवा. वर साय धरते, हलवलं की मिसळते.

रमबद्दल माझं मत: ओल्ड मंक मला फार प्रिय आहे, पण तिचा व्हॅनिलाचा गोडवा आणि बदामाचा गोडवा एकमेकांवर चढतात. अर्धी ओल्ड मंक आणि अर्धी एखादी जमैकाची रम घेतली तर तोल साधतो.

बर्फ कापडात गुंडाळून लाटण्याने ठोका. मटाराएवढे तुकडे हवेत, चुरा नको. मिक्सरमध्ये फिरवायचा मोह आवरा. डॉनच्या बारमध्ये पेयं यंत्रावर फिरवत, पण ते मिल्कशेक घुसळायचं उभ्या दांड्याचं यंत्र होतं आणि तेही जेमतेम पाच सेकंद. सगळं शेकरमध्ये बर्फासकट दहा सेकंद जोरात हलवा आणि न गाळता ग्लासात ओता. पिळलेल्या लिंबाची अर्धी वाटी वर पालथी घाला. पुदिन्याची एक डहाळी तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने एकच टाळी द्या, म्हणजे वास सुटेल, आणि ती लिंबाशेजारी खोचा. नळी पुदिन्याला लागूनच ठेवा, प्रत्येक घोटाला नाक त्यात जायला हवं.

७. घरात टिकी कोपरा करायचा असेल तर

बांबूची चटई, वेताची खुर्ची, पिवळट मंद दिवा, जाळी, काचगोळे, शंख: एवढ्यावर छान कोपरा उभा राहतो. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या घरात यातलं निम्मं आधीच असतं. मागे मार्टिन डेनीचं संगीत लावा. होनोलुलूच्या बारमध्ये बाहेरचे बेडूक ओरडू लागले तेव्हा त्याच्या वादकांनी पक्ष्यांचे आवाज काढून साथ दिली आणि तीच पुढे त्याची ओळख बनली.

मूर्तींच्या बाबतीत मात्र माझी भूमिका पक्की आहे: कू किंवा मोआईचे चेहरे असलेले मग मी विकत घेत नाही. ते कोणाचे तरी देव आणि पूर्वज आहेत. आपल्या देवांची चित्रं चपलांवर किंवा बिअरच्या बाटलीवर छापली तेव्हा आपल्याला काय वाटलं ते आपण विसरलेलो नाही. आणि ज्या वर्षांत अमेरिकेत हे मग हजारोंनी विकले जात होते, त्याच वर्षांत, १९४६ ते १९५८ दरम्यान, पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटावर अणुचाचण्या होत होत्या आणि तिथल्या लोकांना घर सोडावं लागलं होतं. हवाईचं राज्यही १८९३ मध्ये बळाने उलथवलं गेलं होतं. रमची बाजूही स्वच्छ नाही. डेमेरारा जिथून येते त्या गयानात गुलामीनंतर १८३८ पासून उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानी गिरमिटिये राबले.

हे माहीत असूनही मी टिकी बारला जाते, कारण त्या पेयांमागचं कसब अस्सल आहे. अलीकडे अनेक बार देवांचे चेहरे काढून 'ट्रॉपिकल' म्हणवून घेऊ लागलेत, तिकडे माझा ओढा जास्त आहे. मग हवाच असेल तर मासा, नारळ, अननस किंवा जहाजाच्या आकाराचा घ्या, तितकाच देखणा मिळतो. कोरीवकाम हवं असेल तर हवाई, न्यूझीलंड किंवा सामोआच्या कारागिराकडून थेट घ्या, आकृती कोणाची आहे ते त्यालाच विचारा आणि ती कुठे ठेवलेली चालेल हेही विचारा. तो 'बारशेजारी नको' म्हणाला तर बैठकीत ठेवा.